किल्ली कुणाच्या हाती?

वाराणसीत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांतील गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या मराठीत आता हिंदी आणि भोजपुरी पुष्कळ मिसळली आहे. तरीही सणावाराला पुरण शिजते आणि वडीलधाऱ्यांना काका-काकू म्हणूनच हाक मारली जाते. आमच्या शेजारच्या अशाच एका घरातील थोरले चिरंजीव चौदा वर्षांपूर्वी कतारची राजधानी दोहा येथे इंजिनियर म्हणून गेले. शेजारधर्माने मी त्यांना दादा म्हणते. त्यांचे वडील येथील डीझेल रेल्वे इंजिन कारखान्यात, म्हणजे बनारसी बोलीतल्या ‘डीरेका’त, चार्जमन होते. मुलगा हिंदू विश्वविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकला, काही वर्षे देशातच तुटपुंज्या पगारावर राबला आणि अखेर आखातात गेला. तेथे मोठमोठ्या इमारती थंड ठेवणाऱ्या शीतकरण केंद्राची देखभाल हे त्यांचे काम.

२०२५ च्या दिवाळीत दादा तीन आठवड्यांच्या रजेवर आले होते. त्या दिवसांत त्यांच्याशी ज्या गप्पा झाल्या, त्यांतील दोन विषय वरवर पाहता एकमेकांशी सर्वस्वी असंबद्ध होते. पहिला विषय म्हणजे रोजच्या यंत्रांनी आणि मोबाइल फोनने मांडलेला छळ. दुसरा म्हणजे ज्याच्या सावलीत त्यांनी ही चौदा वर्षे काढली तो अमेरिकी लष्करी तळ. पहिल्या विषयावर ते संतापाने बोलत, दुसऱ्यावर समाधानाने. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही विषय मुळात एकच आहेत. हे म्हणणे मी त्यांच्यापाशी मांडले. त्यांनी ते पुरते मान्य केले नाही. वाचकांपुढे ते सविस्तर मांडावे, म्हणून हा लेख.

हयातीचा दाखला

रजेचा पहिला आठवडा काकूंच्या पेन्शनपायी गेला. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे. रेल्वेची कौटुंबिक पेन्शन चालू राहण्यासाठी त्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी हे काम कागदावर होई. आता बोटांचे ठसे घेणारे यंत्र आले आहे. जन्मभर भांडी घासून आणि कपडे धुऊन ज्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्या बोटांना यंत्र ओळखीना. दुसरा मार्ग काढावा, तर प्रत्येक पायरीवर फोनवर येणारा सांकेतिक आकडा, म्हणजे ओटीपी, हवा. खात्याला जोडलेला नंबर दादांचा भारतातील नंबर होता आणि वेळेवर पैसे न भरल्यामुळे फोन कंपनीने तो बंद केला होता. नंबर बदलावा, तर त्यासाठीही ओटीपी येणार तो त्याच बंद नंबरावर. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! शेवटी काकूंना रिक्षात घालून शाखेत नेले. समोर उभी असलेली बाई जिवंत आहे, हे कारकुनाला दिसत होते. पण यंत्राने मान्य करीपर्यंत त्याला तसे लिहिता येत नव्हते. या अडचणीत त्या कारकुनाचा काही दोष नव्हता, हे दादांनीच मला दोनदा सांगितले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्राला विरोध करणे हे कामगार चळवळीचे धोरण नाही. घरबसल्या दाखला देता येणे ही चालता न येणाऱ्या लक्षावधी वृद्धांची मोठीच सोय आहे. प्रश्न असा आहे, की यंत्र अडले म्हणजे ते उघडण्याचा अधिकार कोणाला? खिडकीपलीकडच्या माणसाकडून तो काढून घेतला गेला आणि अलीकडच्या माणसाला तो मिळाला नाही. तो दूर कोठेतरी गेला, आणि तो जेथे गेला तेथे दाद मागण्यासाठी जाता येईल असा पत्ताच नाही.

दोह्यातील नोकरीत दादांना हाच अनुभव दुसऱ्या रूपाने येतो. शीतकरणाची यंत्रे परदेशी बनावटीची. त्यांच्या नियंत्रण-पेटीला सांकेतिक शब्दाचे कुलूप असते आणि तो शब्द फक्त उत्पादक कंपनीच्या माणसांना ठाऊक असतो. एकदा ऐन जुलैत, बाहेर पारा पंचेचाळीस अंशांपुढे असताना, तापमान मोजणारा एक लहानसा भाग निकामी झाला. नवा भाग गोदामात होता. बसवायला वीस मिनिटे पुरली. परंतु कंपनीच्या माणसाने येऊन सांकेतिक शब्द घातल्याखेरीज यंत्र तो नवा भाग स्वीकारीना. तो माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर इमारतीच्या वरच्या मजल्यांवरची माणसे दादांना शिव्या घालीत होती आणि गच्चीवर काम करणारे नेपाळी व बिहारी मदतनीस उन्हात बर्फाच्या लाद्या वाहत होते. “काय बिघडलंय ते मला कळतं, दुरुस्त करायचं कसं तेही कळतं; पण उघडायची परवानगी नाही. मग मी इंजिनियर कसला? पहारेकरी!” असे ते म्हणाले.

वडिलांचे नकाशे

हे ऐकत असताना काकूंनी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी काढायला लावली. तीत काकांची जुनी ओळखपत्रे, संघटनेच्या पावत्या आणि इंजिनाच्या काही भागांची त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली रेखाटने होती. डीरेकाचा इतिहास वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. या कारखान्याची कोनशिला १९५६ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी बसवली. अमेरिकेच्या अल्को कंपनीशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला, १९६१ मध्ये कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये येथील पहिले इंजिन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील स्पर्धेत मागे पडलेल्या अल्कोने इंजिने बनवणेच बंद केले. मूळ कंपनीचा कारखाना बंद पडला. वाराणसीचा मात्र चालू राहिला. रेखाटने येथे होती, साचे येथे होते आणि ते वाचू शकणारे हात येथे होते. त्याच जातीच्या इंजिनांत येथील कामगारांनी आणि तंत्रज्ञांनी अनेक सुधारणा केल्या. देशातील मालगाड्या आणि मेलगाड्या अनेक दशके त्यांनी ओढल्या. १९७६ पासून टांझानियाला, पुढे अमेरिकेच्या बाँबफेकीतून सावरणाऱ्या व्हिएतनामला आणि इतर अनेक देशांना येथून इंजिने गेली.

तंत्रज्ञान परदेशातून येणे म्हणजे परावलंबन असे मुळीच नाही. अल्कोचे इंजिनही परदेशीच होते. कारखाना सार्वजनिक मालकीचा होता आणि कराराबरोबर ज्ञानही हातात आले होते, म्हणून देणारा बुडाला तरी घेणारा तरला. काकांच्या पिढीला यंत्र उघडण्याचा अधिकार होता. त्यांच्या मुलाने त्यांच्याहून मोठी पदवी मिळवली. त्याला तो अधिकार नाही. ही केवळ एका घराची गोष्ट नव्हे. १९९१ नंतरच्या धोरणांचा सारांश त्या माळ्यावरच्या पेटीत आहे. २०१५ मध्ये बिहारमधील मढौरा आणि मधेपुरा येथील रेल्वे इंजिनांचे नवे कारखाने देण्यात आले ते अनुक्रमे एका अमेरिकी आणि एका फ्रेंच कंपनीला. त्यांत बहुसंख्य भाग या कंपन्यांचा आणि अल्पसंख्य भाग रेल्वेचा. डीरेकाचे नाव २०२० मध्ये बदलून ‘बनारस रेल इंजन कारखाना’ झाले. नाव बदलणे सोपे असते.

परकीयाच्या हाती किल्ली असली म्हणजे ती केव्हा फिरवली जाईल याचा नेम नसतो. महाराष्ट्रातील वाचकांना तारापूरचे उदाहरण जवळचे आहे. १९६३ च्या करारानुसार त्या अणुवीज केंद्राला अमेरिकेने इंधन पुरवायचे होते. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडवला गेला आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे वळावे लागले. महासंगणकाच्या बाबतीत अमेरिकेने नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सार्वजनिक संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ संगणक तयार झाला; म्हणजे इच्छा असली की मार्ग निघतो. अगदी अलीकडची गोष्ट घ्या. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर, त्यात रशियन कंपनीचा भाग आहे म्हणून, निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीची संगणक-सेवा तोडली. कंपनी भारतातली, कर्मचारी भारतातले, भारताच्या कायद्याने कसलाही गुन्हा घडलेला नाही. तरीही एका सकाळी टपाल बंद. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर सेवा पुन्हा सुरू झाली. परंतु किल्ली कोठे आहे ते त्या आठवड्याने सर्वांना दाखवले.

येथवर दादांचे आणि माझे एकमत होते.

२३ जूनची रात्र

मतभेद सुरू झाला तो २३ जून २०२५ च्या रात्रीवरून. आदल्या दिवशी अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बाँबफेक केली होती. त्याचे उत्तर म्हणून इराणने दोह्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या अल उदैद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रे सोडली. कतारने आधीच आपले आकाश विमानांना बंद केले होते. दोह्याच्या घरांच्या गच्च्यांवरून लोकांना आकाशात आगीचे लोळ दिसत होते आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. बहुतेक क्षेपणास्त्रे वाटेतच पाडली गेली आणि मनुष्यहानी झाली नाही. कतारमध्ये त्या वेळी सुमारे आठ लाख भारतीय होते.

त्या रात्री मी काकूंपाशी बसले होते. इकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. दूरचित्रवाणीवर तीच ती चित्रे पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि निवेदक असे ओरडत होते, की जणू क्रिकेटचा सामना चालू आहे. दादांना फोन लागत नव्हता. मोबाइलवरच्या ज्या सोयीने काकू रोज नातवंडांचे चेहरे पाहत, ती नुसतीच गोल गोल फिरत राहिली. काकू म्हणाल्या, “अगं, तू शिकलेली आहेस ना, जरा बघ की काय करायचं ते.” मी काय करणार होते? फोन लागला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दादांनी आईला सांगितले, की फटाके होते. नंतर मला सांगितले, की मुलांना न्हाणीघरात बसवले होते, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती.

हे सारे भोगलेल्या माणसाने दिवाळीत मला सांगावे, की तळ आहे म्हणून आम्ही सुरक्षित आहोत! त्यांचा युक्तिवाद असा. कतार चिमुकला देश; सभोवती बलाढ्य शेजारी; जमिनीत वायूचा अपार साठा. दाराशी दांडगा चौकीदार ठेवल्यावाचून अशा घराचा निभाव कसा लागावा? आणि घर राहिले तरच आमची नोकरी राहील.

हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. ज्याच्या पगारावर वाराणसीतले एक घर, दोन बहिणींची लग्ने आणि एका वृद्धेचे औषधपाणी चालते, त्याने मालकाच्या सुरक्षिततेत आपली सुरक्षितता पाहावी यात नवल काय? परंतु घटना काय सांगतात ते पाहू. २००३ मध्ये इराकवरील आक्रमणाच्या सुमारास अमेरिकेने या भागातील हवाई कारवायांचे मुख्यालय सौदी अरेबियातून अल उदैदला हलवले. तेथे सुमारे दहा हजार सैनिक असत. तळ बांधण्यावर आणि वाढवण्यावर कतारने स्वतः अब्जावधी डॉलर खर्च केले. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती इत्यादी शेजाऱ्यांनी कतारची कोंडी केली, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्रारंभी जाहीर पाठराखण केली ती कोंडी करणाऱ्यांची. २३ जून २०२५ ला क्षेपणास्त्रे आली ती दोह्यातील कुणा इंजिनियरावर किंवा कतारच्या वायुकेंद्रांवर रोखलेली नव्हती. ती तळावर रोखलेली होती. तळ नसता, तर त्या रात्री मुलांना न्हाणीघरात बसवण्याचे कारणच उरले नसते. आणि ९ सप्टेंबर २०२५ ला इस्रायलच्या विमानांनी खुद्द दोहा शहरात हल्ला केला, हमासच्या वाटाघाटी करणाऱ्या नेत्यांना लक्ष्य केले. त्यात कतारचा एक सुरक्षा कर्मचारीही मारला गेला. चौकीदाराच्या सोबत्यानेच घरात शिरून हाणामारी केली आणि चौकीदार जागचा हलला नाही. पुढे इस्रायलच्या पंतप्रधानांनी फोनवरून खेद व्यक्त केला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी कतारच्या संरक्षणाची हमी देणारा हुकूम काढला. एका सहीने आलेली हमी दुसऱ्या सहीने जाऊ शकते. ज्या घराचा मालक चौकीदाराला घराबाहेर जा असे सांगू शकत नाही, त्या घरात चौकीदार कोण आणि मालक कोण?

तैनाती फौजेचा धडा

हा प्रश्न मराठी माणसाला आणि बनारसच्या माणसाला नवा नसावा. १७७५ मध्ये बनारसचे राज्य अवधच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. राजा चेतसिंह ठरलेली खंडणी देत होता. १७७८ मध्ये फ्रेंचांशी युद्ध सुरू झाले आणि वॉरन हेस्टिंग्जने फौजेच्या खर्चासाठी वर्षाला पाच लाख रुपये जास्तीचे मागितले. ते दिले, तर पुढे घोडदळ मागितले. शेवटी ऑगस्ट १७८१ मध्ये हेस्टिंग्ज स्वतः बनारसला आला आणि त्याने राजाला शिवाल्याच्या वाड्यात कैद केले. तेव्हा बनारसचे लोक उठले, पहाऱ्यावरच्या तुकड्या कापल्या गेल्या, राजा खिडकीतून गंगेच्या बाजूला उतरून निसटला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याकडे पळ काढावा लागला. उठाव पुढे मोडून काढला गेला. चेतसिंहाने महादजी शिंद्यांकडे ग्वाल्हेरला आश्रय घेतला. आज त्या घाटाला चेतसिंह घाट म्हणतात.

यानंतर वीस वर्षांनी आमच्याच दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. होळकरांच्या भीतीने पळालेल्या पेशव्याला पुण्याची गादी परत हवी होती. त्यासाठी त्याने किमान सहा हजार इंग्रजी पायदळ कायमचे आपल्या राज्यात ठेवून घेतले आणि त्याच्या खर्चापोटी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. म्हणजे पहारेकऱ्याचा पगार धन्याने द्यायचा आणि परराष्ट्रांशी बोलणी मात्र पहारेकऱ्याच्या अनुमतीने करायची! पंधरा-सोळा वर्षांत काय झाले ते सर्वांना माहीत आहे. बाजीरावाची रवानगी सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला झाली आणि त्याचा भाऊ चिमाजी अप्पा बनारसला आला. त्याच्याच पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी झाशीच्या राणीचा जन्म झाला. या शहरातील मराठी वस्ती त्याहून कितीतरी जुनी आहे, हे खरे; तरी तिच्यातील काही घरांचा इतिहास तैनाती फौजेच्या करारापासून सुरू होतो. त्या गल्लीत वाढलेल्या माणसाने तरी परक्या तळाला घराचे छप्पर समजू नये.

बेट रिकामे करण्याची रीत

तैनाती फौजेच्या जागी आज लष्करी तळ आले आणि तहाच्या जागी ‘सहकार्याचे करार’. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात दिएगो गार्सिया नावाचे बेट आहे. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच, ब्रिटनने चागोस बेटे त्यापासून तोडली आणि दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिले. नारळाच्या बागांत राबणाऱ्या सुमारे दीड-दोन हजार रहिवाशांना १९७३ पर्यंत बोटींत घालून मॉरिशस व सेशेल्समध्ये नेऊन सोडले. मग १९९१ मध्ये इराकवर, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये पुन्हा इराकवर बाँब टाकणारी विमाने तेथून उडाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यातील कलमांनुसार सार्वभौमत्व मॉरिशसचे आणि दिएगो गार्सियाचा तळ नव्व्याण्णव वर्षे जसाच्या तसा! घराचा उतारा एकाच्या नावावर, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

आणि आपल्या देशाचे काय? जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने आखाती युद्धाकडे जाणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई, आग्रा आणि मद्रास येथे इंधन भरू दिले. देशभर निषेध झाला आणि फेब्रुवारीत ते बंद करावे लागले. तत्पूर्वी काही महिने याच सरकारी एअर इंडियाच्या विमानांनी कुवेत व इराकमध्ये अडकलेल्या दीड लाखांहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे मायदेशी आणले होते. परमुलखातील भारतीयांचा जीव वाचवला तो सार्वजनिक मालकीच्या विमानांनी, कोणाच्या तळाने नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेशी संरक्षण सहकार्याचा आराखडा ठरला, तेव्हा डाव्या पक्षांनी धोका दाखवून दिला. सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त नाविक कवायतींविरुद्ध कोलकाता आणि चेन्नईहून विशाखापट्टणमपर्यंत जथे काढले. २९ ऑगस्ट २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये रसद-विनिमयाचा करार केला. सरकार म्हणते, की हा तळाचा करार नव्हे. इंधन, अन्न, दुरुस्ती एकमेकांना पुरवायची आणि पैसे चुकते करायचे, एवढेच. शब्दशः ते खरे आहे. परंतु २०१८ मध्ये दळणवळण-यंत्रणांचा आणि २०२० मध्ये भौगोलिक माहितीचा करार त्याला जोडला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीनेही अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करार केला. हे सर्व एकत्र मांडले, म्हणजे दाराला कडी कोणत्या बाजूने बसवली जात आहे ते दिसू लागते. दादांच्या शीतकरण-पेटीची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. ज्या यंत्रणांवर परक्याचा सांकेतिक शब्द आहे, त्या यंत्रणा युद्धकाळात आपल्या मर्जीने चालतील याची खात्री कोणी द्यावी?

दादांचा प्रश्न

दादांनी एक प्रश्न विचारला, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणाले, “अमेरिकेचं सांगतेस, रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात होतं तेव्हा तुमचे लोक काय म्हणत होते? आणि आपलं सैन्य श्रीलंकेत गेलं होतं, ते?” आमच्या चळवळीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे ‘तेथील सरकारने बोलावले होते’ असे दिले गेले. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण बाजीरावानेही बोलावलेच होते. श्रीलंकेतही १९८७ मध्ये आपले सैन्य करारानेच गेले आणि हजाराहून अधिक जवान गमावून १९९० मध्ये परतले. तेथील तमिळ घरांत त्याच्या आठवणी गोड नाहीत. फरक अवश्य करावा लागतो: जगभर शेकडो तळांचे कायमचे जाळे विणणारी सत्ता आज एकच आहे, आणि ते जाळे तिच्या भांडवलाच्या रक्षणासाठी आहे. पण कसोटी सर्वांना एकच हवी. सरकारने बोलावले काय, हा प्रश्न अपुरा आहे. त्या देशाची जनता पाहुण्याला जा म्हणू शकते काय आणि म्हटल्यावर तो जातो काय, हे पाहिले पाहिजे.

यावर दादा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पण मला तिथेच परत जायचंय.” हे खरेच होते. तिकीट काढलेले होते. वाराणसीत त्यांच्या शिक्षणाला साजेसे काम असते, तर ते गेलेच नसते. परकीय तळाच्या सावलीत राहणाऱ्या आमच्या माणसाला दोष देऊन काही साधणार नाही. त्याला तेथे ढकलणारी धोरणे येथे, दिल्लीत आणि लखनौत, ठरली आहेत.

आपल्या कार्यालयातील कुलूप

शेवटी थोडे आपल्याविषयी. मी पक्षाच्या कागदपत्रांचा मराठी अनुवाद करते. माझ्या आधीच्या अनुवादकांनी केलेल्या अनुवादांच्या तबकड्या मला वारसा म्हणून मिळाल्या. त्या काळी वापरात असलेली अक्षररचना एका खाजगी कंपनीची होती. ती चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे एक लहानसे प्लास्टिकचे कुलूप बसवावे लागे. ते कुलूप हरवले. आज त्या तबकड्या उघडल्या, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. आपल्याच कॉम्रेडांनी रात्री जागून केलेले काम आपल्यालाच वाचता येत नाही! याउलट देवनागरीसाठी भारतीय मानक संस्थेने जी सार्वजनिक संकेतप्रणाली ठरवली, आणि जिच्या आधारावर १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आली, तीत लिहिलेला मजकूर कोणत्याही यंत्रावर उघडतो, कारण तो संकेत कोणाच्याही मालकीचा नाही. साम्राज्यवादाविरुद्धचे लेखही आपण परक्याच्या कुलपात ठेवून दिले होते, ही गोष्ट मान्य करून सुधारली पाहिजे. वाचकांपैकी ज्यांच्यापाशी जुने छापील अंक असतील, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. जिल्हा कार्यालयाला कळवावे.

या सर्वांतून कार्ये निघतात ती अशी. पेन्शन, रेशन, वेतन यांसाठी यंत्र असावे. पण यंत्र अडले तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या अधिकारात काम पुरे करता आले पाहिजे, ही मागणी पेन्शनर आणि बँक कर्मचारी यांच्या संघटनांनी एकत्र येऊन लावून धरावी. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्रणेबरोबर तिची रेखाटने, तिचे संकेत आणि दुरुस्तीचा हक्क आलाच पाहिजे, हे करारांत लिहून घेण्याची मागणी रेल्वे, वीज आणि संरक्षण कारखान्यांतील कामगारांनी करावी. परकीय सैन्याला सोयी देणारा प्रत्येक करार संसदेपुढे संपूर्ण मांडला जावा आणि तो रद्द करण्याची वाट खुली असावी. आणि आखातात राबणाऱ्या आपल्या लक्षावधी भावाबहिणींसाठी संकटकाळी सरकारी विमाने आणि सरकारी दूरध्वनी सिद्ध असावेत. एअर इंडिया २०२२ मध्ये खाजगी हातांत गेल्यावर ही मागणी अधिकच निकडीची झाली आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी दादा माळ्यावरच्या पेटीतील रेखाटनांचे फोटो काढत बसले होते. काकूंनी विचारले, “आता त्याचं काय करणार?” ते म्हणाले, “मुलांना दाखवतो. आजोबांना इंजिन उघडता येत होतं, हे त्यांना कळू दे.” काकूंनी फोटो काढून झाल्यावर कागद पुन्हा नीट घडी करून पेटीत ठेवले. त्या पेटीला कुलूप नाही.